बाराव्या फ्रेटवरचा घोळ

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू होता. नागपूरच्या महाल भागात भरदुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, त्यात लाईन गेलेली. घामाघूम होऊन मी एका हार्मोनियमचा भाता चिकटवत बसलो होतो, तेवढ्यात सत्तरीचे एक काका गोणपाटात गुंडाळलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन दुकानात आले. मागे नववीतली नात.

“हिला शिकायची आहे. नवीन घेऊन देतो म्हटलं तर नाही म्हणते, आजोबाचीच पाहिजे. पाहून घे बावा, काही होते का.”

दोन शिंगांची, स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची गिटार. फेंडर कंपनीने तो घाट १९५४ साली काढला आणि तेव्हापासून जगभर त्याच्या नकला होत आल्या आहेत. ही त्यातलीच, हेडवरचं नाव कुणीतरी खरवडून काढलेलं. माळ्यावर पावसाळ्याची ओल खाऊन तारा तांबूस झाल्या होत्या. आपल्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, त्यामुळे फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं फिंगरबोर्डच्या कडेने बाहेर आली होती. नात मानेवरून हात फिरवायला गेली आणि “आई गं” म्हणाली.

काका १९८५च्या आसपास ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपतीत रोज एक मंडळ. बोलता बोलता नातीकडे वळून म्हणाले, “रिदम मस्त वाजते हिच्यावर. लीडच्या नादी नको लागू. मी लागलो होतो, पण माझ्या हातात सूरच नव्हता. पार्टीवाल्यांनी शेवटी लीड दुसऱ्याला दिली.”

रिदम म्हणजे मागे कॉर्डची साथ, लीड म्हणजे पुढे सुरावट वाजवणं. हे ऐकलं, पण तेव्हा मनात राहिलं नाही. लाईन आली होती आणि मी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं होतं.

वायरिंगचं काम नेहमीचंच. ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकतात तो भाग, त्याच्याखालची अर्थची तार तुटलेली, म्हणून भुणभुण. तिला डाग दिला. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा भाग, खरखरत होता, त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीसदा फिरवला. तारांचा आवाज उचलणारे पिकअप तिन्ही जिवंत. लोक आधी पिकअप बदलायला सांगतात, आणि बहुतेक वेळा बिचाऱ्या पिकअपचा काहीच दोष नसतो. फ्रेटची टोकं कानशीने घासली, मानेवर पट्टी टेकवून तिचा बाक सांभाळणारा आतला ट्रस रॉड थोडा आवळला, मधल्या फ्रेटशी पाव मिलिमीटरची फट ठेवली, नवीन तारा चढवल्या.

मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का, ते पाहायला घेतलं आणि तिथे गाडी अडली. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर. तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबली की वरच्या सप्तकातला तोच स्वर यायला हवा, पण तो पंचवीस-तीस सेंट उतरलेला. अर्धस्वराचे शंभर सेंट धरतात, म्हणजे अर्धस्वराचा पाव हिस्सा गायब. स्वर उतरत असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू, मानेकडे पुढे घ्यायचा, पण सहाही सॅडल आधीच पुढे टेकलेले. म्हणजे माझ्याआधीही कुणीतरी इथवर येऊन हात टेकले होते. काकांना विचारलं, तर म्हणे एकाने ट्यूनिंगच्या चाव्या बदलून पैसे घेतले होते. चाव्यांचा याच्याशी काय संबंध, देव जाणे.

हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर, वाजवून पाहिला. तो बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर मिळायला हवा, कारण तिथे तारेचा मध्य. मिळाला तो फ्रेट ओलांडून सहा मिलिमीटर ब्रिजकडे. मग स्टीलची पट्टी काढली. नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या तारांच्या टेकूपासून, बाराव्या फ्रेटपर्यंत ३१४ मिलिमीटर, तिथून सॅडलपर्यंत ३२६. ही दोन्ही अंतरं जवळपास सारखी हवीत. दाबताना तार ताणली जाते म्हणून मागचं दोन-तीन मिलिमीटर जास्त, बस. इथे बारा!

मानेचे चार स्क्रू काढले. खाचेत एक सोडून दोन भोकांचे संच, जुन्यात आगकाड्या ठोसलेल्या, खाली पत्त्याचा तुकडा. नट ते सॅडल अशी तारेची लांबी धरली तर बॉडी ६४८ मिलिमीटरच्या मापाची आणि मान ६२८च्या, दुसऱ्याच कुठल्या गिटारची. काकांना आठवलं: गणेशपेठेतून सामान नेताना टेम्पोतून पडून मान तुटली होती, एका मिस्त्रीने दुसरी बसवून दिली. लीड त्यानंतरच सुटली.

अशा गिटारवर पाचव्या फ्रेटला सात-आठ सेंटचाच फरक पडतो. खालचे कॉर्ड कानाला खपून जातात. जसजसं वर चढावं तसतसा सूर ढळत जातो. वर चढतो कोण? लीडवाला.

मी हे सांगितलं तेव्हा काका काही बोलले नाहीत. नातच म्हणाली, “म्हणजे आजोबा बेसुर नव्हतेच!” मी म्हटलं, “ते मला माहीत नाही, पण गिटार नक्की होती.”

ब्रिज फिक्स होता, स्प्रिंगवर हलणारा नव्हता, हे नशीब. तोच पुढे सरकवायचा ठरवला. ब्रिजच्या जुन्या भोकांत सागवानी खुंट्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या, रात्रभर सुकू दिल्या. सकाळी बारा मिलिमीटर मानेकडे नवीन भोकं पाडली, म्हणजे सॅडलना मागेपुढे सरकायला जागा राहिली. बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पिकगार्डची कड आड येत होती, ती घासून काढली. पुन्हा ट्यूनर लावला. जाड तारांचे सॅडल थोडे मागे, बारीक तारांचे पुढे, आणि बाराव्या फ्रेटवर सहाही तारा जागेवर आल्या.

संध्याकाळी काकांनी गिटार मांडीवर घेतली. बोटं आखडली होती, दोनदा अडखळले, पण सरळ पंधराव्या फ्रेटवरच गेले. थोडं वाजवून थांबले आणि म्हणाले, “ते तुझे आकडे कागदावर लिहून दे. ३१४ आणि ३२६. तारीख टाक, खाली सही कर.”

“कशाला, काका?”

“आमचा कीबोर्डवाला प्रतापनगरात राहते. अजून जित्ता आहे. आत्ताच जाऊन दाखवतो त्याला.”