मामांचा ज्युनो आणि दर सहावा सूर

कोल्हापूरहून मामांचा ज्युनो, म्हणजे पट्ट्यांचा सिंथेसायझर, मी गोधडीत गुंडाळून पुण्याला आणला, तेव्हा त्याचा दर सहावा सूर बोलत नव्हता. एकच पट्टी सलग दाबत गेलं की पाच वेळा सा नीट यायचा आणि सहाव्या वेळी नुसती खरखर.

हा रोलंडचा ज्युनो-१०६, १९८४ सालचा. मामांनी तो ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं वाजवला. गणपतीच्या दहा दिवसांत रोज एक गाव, टेम्पोत मागे ऑक्टोपॅड आणि स्पीकर, आणि हा मात्र पुढे मामांच्या मांडीवर. गावातल्या एका दुरुस्तीवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की याचे पार्ट आता मिळत नाहीत, भंगारात देऊन टाका. मामांनी तो माळ्यावर ठेवला, पण भंगारात दिला नाही.

या वाद्यात एका वेळी सहा सूर वाजतात, कारण आत सहा स्वतंत्र आवाज आहेत. पट्टी दाबली की पाळी पुढच्या आवाजाकडे जाते. म्हणून एक आवाज गेला की दर सहावा सूर जातो. नेमका कितवा गेलाय हे शोधायची सोय वाद्यातच आहे. की ट्रान्सपोझचं बटण दाबून धरून वाद्य चालू केलं, की प्रत्येक पट्टीला डिस्प्लेवर आवाजाचा नंबर दिसतो. माझा चौथा मेला होता आणि दुसरा अधूनमधून कुरकुरत होता.

पण त्या आवाजांच्या चिपला हात लावण्याआधी मी जे केलं, ते सगळ्यात महत्त्वाचं होतं असं आजही वाटतं. ज्युनोत आवाजांच्या १२८ जुळवण्या (पॅच) साठवता येतात आणि ती आठवण एका सीआर२०३२ बटण-सेलवर जिवंत असते. सेल बोर्डाला डाग देऊन बसवलेला. मीटर लावला तर २.६ व्होल्ट, म्हणजे सेल उतरलेला! तो काढला असता तर मामांनी स्वतः जुळवलेली सनई, बासरी, लावणीच्या सुरुवातीचा तो घोगरा आवाज, सगळं एका क्षणात पुसलं गेलं असतं. ते आवाज कुठल्या कागदावर लिहिलेले नव्हते.

मागच्या बाजूला कॅसेटवर साठवण्यासाठी सेव्ह आणि लोड अशी दोन भोकं आहेत. सेव्हमधून वायर लॅपटॉपला जोडली आणि बटण दाबलं. जुन्या मोडेमसारखा कर्कश आवाज येतो. तोच सगळा डेटा. एमपी३ न करता वेव्ह फाइल म्हणूनच ठेवली. मग तीच फाइल लोडच्या भोकातून परत ऐकवून व्हेरिफाय केलं. लॅपटॉपचा आवाज कमी पडत होता, म्हणून तीन वेळा चूक दाखवली. चौथ्या वेळी जुळलं. त्यानंतरच जुना सेल काढला आणि तिथे होल्डर बसवला, म्हणजे पुढच्या वेळी घड्याळवाल्याकडून सेल आणून कुणीही बदलेल. डेटा परत भरताना मागचं मेमरी प्रोटेक्टचं बटण बंद करायला विसरू नका.

आता चिप. ज्युनोच्या प्रत्येक आवाजाचा फिल्टर आणि आवाज कमी-जास्त करणारा भाग ८००१७ए नावाच्या एका छोट्या चिपवर असतो, अशा सहा चिप. वरून काळ्या इपॉक्सीचा जाड थर. आतल्या भागांना जपण्यासाठीच तो दिलेला, पण चाळीस वर्षांत हा थरच किंचित वीज वाहू देतो आणि आतले सिग्नल गळतात, असं जाणकार मानतात. म्हणजे आतला आयसी बहुतेक वेळा धडधाकट असतो, त्याचं पांघरूण काढायचं असतं.

ते निघतं ॲसिटोनमध्ये. नेलपॉलिश काढायचं लिक्विड चालत नाही, त्यात तेल आणि पाणी मिसळलेलं असतं. केमिकलच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणलं. काचेची बरणी, पत्र्याचं झाकण, आणि बरणी गॅलरीत, गॅसपासून लांब. वाफ पटकन पेट घेते.

पण आधी चिप बोर्डावरून सुटली पाहिजे. इथे मी घाई केली. कथील पूर्ण ओढून न घेता चौथी चिप हलवली आणि बोर्डावरचा तांब्याचा एक ट्रॅक उखडला. पोटात गोळा आला. शेवटी केसाएवढ्या वायरनं जोड दिला आणि तो टिकला. त्यानंतर प्रत्येक पायाला आधी नवं कथील लावायचं, मग पंपानं ओढायचं, मग वीक (कथील शोषून घेणारी तांब्याची जाळी) फिरवायची, आणि पाय भोकात मोकळा हलतो का ते चिमट्यानं पाहायचं. एका चिपला अर्धा तास लागू दे.

बरणीत दोन दिवसांनी थर फुगून रबरासारखा झाला. दातकोरणीनं एका कडेनं उचलला तर साबुदाण्याच्या पापडासारखा सोलून आला, आणि खाली पांढऱ्या पट्टीवर छोटे छोटे भाग जसेच्या तसे चमकत होते. लोखंडी टोचा वापरू नका, तिळाएवढे कपॅसिटर निखळतात.

चौथा आवाज त्याच संध्याकाळी बोलला. दुसराही शांत झाला. बाकीच्या चार चिप चालू होत्या, म्हणून त्यांना हात लावला नाही. चालत्या गाडीचं चाक कशाला काढा, असा विचार. तीन महिन्यांत पहिला गेला, मग सहावा. सगळं वाद्य पुन्हा उघडलं. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे: काढायच्या तर सहाही एकदम काढा, आणि परत बसवताना खाली सॉकेट लावा.

चिप धुतल्या की प्रत्येकीचा स्वभाव थोडा बदलतो, म्हणून बोर्डावरचे छोटे प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायचे) परत जुळवावे लागतात. रेझोनन्स, म्हणजे फिल्टरचं घुमणं, पूर्ण चढवला की फिल्टर स्वतःच शिट्टी घालतो. ती शिट्टी सहाही आवाजांची सारखी हवी. मी मोबाइलच्या ट्यूनरवर ती जुळवली आणि खूश झालो.

दिवाळीत मामा आले. झाकण मी मुद्दाम उघडंच ठेवलं होतं. त्यांनी काही वाजवलं नाही, फक्त काळी चारचा सा एकामागून एक दाबत राहिले, डोळे मिटून. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पुन्हा एक, दोन...

"पाचवा जरा नाकात बोलतोय," ते म्हणाले. "बघ की."

मी आवाजाचा नंबर दाखवणाऱ्या त्या टेस्टमध्ये जाऊन पाहिलं. पाच नंबरच होता. ट्यूनरवर बरोबर, पण रेझोनन्स इतरांपेक्षा जरासा चढा. प्लॅस्टिकचा छोटा स्क्रू ड्रायव्हर घेतला, मामांनी पुन्हा तोच सा दाबायला सुरुवात केली, आणि मी पाचव्याच्या पाळीला प्रीसेट केसभर मागे फिरवत गेलो.

"अजून. अजून थोडा. बास."

मग त्यांनी ए गटातली त्यांची सनई लावली.