पालथं की उताणं?

एसटीच्या पायरीवरून पडलेल्या कंडक्टरबाई कॅज्युअल्टीत आल्या तेव्हा घोट्याचा सांधा निखळून पाऊल बाहेरच्या अंगाला वळलं होतं. आधी सांधा बसवून स्लॅब (अर्धं प्लास्टर) घातला. सांधा तसाच निखळलेला ठेवला असता तर ताणलेली कातडी काळी पडली असती. तिन्ही बाजू मोडलेल्या: आतला घोटा, बाहेरचा घोटा म्हणजे फिब्युलाचं (नडगीशेजारच्या बारीक हाडाचं) टोक, आणि टिबियाची (नडगीच्या हाडाची) मागची कड.

ऑपरेशनसाठी सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत थांबणं भाग होतं. तेवढ्यात सीटी स्कॅन झाला आणि ऑपरेशनच्या टेबलावर बाईंना उताणं घ्यायचं की पालथं, यावरून माझी आणि सरांची जुंपली.

"उताणं घ्या. फिब्युलाला बाहेरून प्लेट, आत दोन स्क्रू. मागचा तुकडा पाव हिश्शाहून लहान आहे, सोडून द्या," सर म्हणाले. आम्ही सगळे हेच शिकलो होतो. पण सीटीत तो तुकडा वर सरकलेला होता आणि त्याच्या फटीत हाडाची चपटी कपची अडकली होती. पुढून स्क्रू मारून ती कशी निघणार? मी पालथं घ्यायचा हट्ट धरला. बाईंचं वजन बघून भूलतज्ज्ञ मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. छाती-कमरेखाली उशा लावून त्या अखेर तयार झाल्या.

टाचेमागची जाड दोरी (अकिलिस टेंडन) आणि फिब्युला यांच्या मधोमध छेद घेतला. तिथली सुरल नर्व्ह (कातडीखालची संवेदनेची नस) सांभाळली, पायाच्या अंगठ्याचा स्नायू बाजूला केला, की मागची कड समोरच! कपची काढली, तुकडा खाली ओढून बसवला, छोटी प्लेट लावली. मग त्याच छेदातून फिब्युला. हा क्रम मुद्दाम. फिब्युलाची प्लेट आधी लावली की सी-आर्मच्या (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राच्या) बाजूने घेतलेल्या चित्रात मागची कड झाकली जाते. आतला घोटा मात्र पालथ्या रुग्णात छळतो, सगळं उलटं दिसतं.

शेवटी फिब्युलाला हूक लावून ओढून पाहिलं. दोन हाडांमधली फट उघडली नाही. सिंडेस्मोसिसचा, म्हणजे या दोन हाडांना घोट्याशी बांधणाऱ्या जोडाचा, मागचा लिगामेंट त्याच तुकड्याला धरून असतो. तुकडा बसला, लिगामेंट ताणला गेला. सरांनी तयार ठेवलेला सिंडेस्मोसिसचा स्क्रू ट्रेमध्येच राहिला.

"बरं झालं, पण वेळ किती घेतलास!" सर म्हणाले. खरंच होतं ते.

त्यानंतरच्या मधुमेही आजींना मात्र मी उताणंच घेतलं. कागदासारखी कातडी, मागची कड शाबूत. तिथे मोठा छेद म्हणजे चिघळणाऱ्या जखमेला आमंत्रण. टोकाशी बारीक चीर देऊन फिब्युलात नेल (हाडाच्या पोकळीतली सळई) सरकवला.