वायरमननं सुरू करून देल्ला

संध्याकाळी शेजारचे काका चहाला आले होते. बाबा त्यांना म्हणाले, "पोरीनं कंप्युटर आणला. वायरमननं सुरू करून देल्ला." काका "हौ का" म्हणाले आणि गोष्ट कापसाच्या भावावर गेली. मी आतल्या खोलीत उरलेले स्क्रू डबीत भरत होते. तशीच बसून राहिले.

वायरमनभाऊंवर राग नाही. भला माणूस, पैसेही बेतानंच घेतले. पण सुरू करून देल्ला म्हणजे काय? सुटे पार्ट आणून मीच जोडला, काल दुपारी सुरूच होता की तो! पंखा फिरत होता, मॉनिटरवर रायझन ५ ५६००जी असं प्रोसेसरचं, म्हणजे कंप्युटरच्या मेंदूचं, नाव आलं होतं, आणि बाबांनी दारातून डोकावून "याच्यात टीव्ही लागते काय?" असंही विचारलं होतं.

त्या प्रोसेसरच्या पोटाखाली १३३१ पिना असतात. एक वाकली की संपलं. कडेला धरून, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून नुसता ठेवायचा, आपल्या वजनानं बसतो, दाबायचा नाही. घामाचा थेंब बोर्डावर पडू नये म्हणून मी कपाळाला ओढणी बांधली होती. प्रोसेसर थंड ठेवायला त्याच्यावर बसतो त्या कूलरचे चार स्क्रू, एकच आवळत गेलं तर तो तिरका बसतो, म्हणून समोरासमोरचे घेत थोडे-थोडे फिरवले. रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, शेजारी-शेजारी नाही. पॉवर बटणाच्या तांदळाएवढ्या वायरी आईच्या चिमट्यानं लावल्या. हे सगळं दार लावून, एकटीनं. कोण पाहणार?

मग कॅबिनेटला, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या डब्याला, हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. टेस्टर लावला तर मिणमिणता पेटला. माझ्या जोडणीत काही नव्हतं. एसएमपीएस म्हणजे कंप्युटरला वीज पुरवणारा डबा, त्याच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट पत्र्याकडे सोडतात. तो अर्थिंगनं जमिनीत जायला हवा. आमच्या प्लगाच्या तिसऱ्या भोकात वायरच नव्हती, घर बांधलं तेव्हापासून. मग २३० व्होल्टच्या निम्मे, ११५ च्या आसपास, पत्र्यावर तरंगत राहतात. करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या मुंग्या. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं ते एवढंच: "शॉक मारते." वायरमनला बोलवा, असं मीच म्हटलं. अर्थिंगचा खड्डा कुठं घ्यायचा तेही मीच दाखवलं.

सुरू करून देल्ला!

दादानं जोडला असता तर बाबा काकांना काय म्हणाले असते... जाऊ दे.

खरं सांगायचं तर खड्डा दिसतो. मे महिना, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि त्यात माणूस घाम गाळत खणतो आहे. गल्लीतली सगळी पोट्टी गोळा झाली. पाइप उतरला, कोळसा-मीठ पडलं, वरून पाणी ओतलं. १३३१ पिनांची बारात कुणी काढत नाही.

आता पाऊस लागेपर्यंत रोज बादलीभर पाणी त्या खड्ड्यात घालायचं, कारण सुकलेली माती करंट नीट ओढत नाही. टाकीत पाण्याचा ठणठणाट, त्यामुळे आई माझ्याकडे ज्या नजरेनं पाहते ते वेगळंच लिहावं लागेल.

एक मात्र झालं. वायरमनभाऊंनी तीच अर्थिंगची वायर हवेच्या कूलरलाही जोडली. दर उन्हाळ्यात इकडं कूलरच्या शॉकनं कुणी ना कुणी गेल्याची बातमी येते. आमच्याकडेही बिनचपलेचं कूलरला शिवायचं नाही असा नियम आहे, आणि तो तसाच राहू दे. पण आज पाणी भरताना आईला झटका बसला नाही. म्हणजे माझ्या कंप्युटरनं पहिलं काम केलं ते कूलरचं. त्याच्यात अजून विंडोजही नाही!

जाताना वायरमनभाऊंनी हळूच विचारलं, "ताई, याच्यात ग्राफिक कार्ड नाही तरी चित्र कसं दिसते?" प्रोसेसरमध्येच आहे म्हटलं. त्यांच्या पोराला असाच हवा आहे म्हणे. भाव, पार्ट, सगळं विचारून घेतलं, माझ्याकडून. बाबा तेव्हा चहा आणायला आत गेले होते, नाहीतर ऐकलं असतं.

विंडोजऐवजी लिनक्स टाकणार आहे, त्याची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे आणि रोजचा नेट दीड जीबी. अर्धी उतरली. उरलेली बाराच्या ठोक्यानंतर, तोवर लाइट राहिली तर.