तीन वाजून सात मिनिटं

२७ मे २०२४, सोमवार

नदाल हरला. फ्रेंच ओपन टेनिसच्या पहिल्याच फेरीत, पॅरिसमधल्या रोलां गॅरोसवर. हे वाक्य लिहून दोनदा वाचलं, तरी खरं वाटेना.

२००५ पासून आजपर्यंत या मैदानावर तो फक्त तीन सामने हरला होता. २००९ मध्ये सोडरलिंगशी, मग २०१५ आणि २०२१ मध्ये जोकोविचशी. चौदा वेळा चषक उचलला. आज झ्वेरेवनं त्याला ६-३, ७-६, ६-३ असं सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवलं. प्रेक्षकांत जोकोविच बसला होता, अल्काराझ होता, श्वियाँतेकही होती. 

बाहेर पाऊस, म्हणून शात्रिए या मुख्य कोर्टाचं छत बंद. माझं लक्ष पहिल्या दहा मिनिटांतच चेंडूच्या उसळीकडे गेलं. नदालचा फोरहँड म्हणजे जबरदस्त फिरकी. कोरड्या, उन्हातल्या दिवशी तो चेंडू टप्पा पडल्यावर समोरच्याच्या खांद्यापर्यंत उडतो आणि उजव्या हातानं खेळणाऱ्याला बॅकहँड डोक्याच्या उंचीवर मारायला लावतो. वर्षानुवर्षं त्यानं माणसं अशीच दमवली. पण बंद छताखाली, दमट हवेत चेंडू ओल धरतो, जड होतो. त्यावरचं लोकरीचं आवरण फुगतं, त्याला लाल भुकटी चिकटते. उसळी कमरेशी येऊन थांबते. समोर साडेसहा फुटी झ्वेरेव. त्याला कमरेच्या उंचीवर दोन हातांचा बॅकहँड मिळाला, म्हणजे घरपोच डबाच.

सगळा दोष छताला देऊन चालणार नाही, हेही खरं. गेल्या वर्षी त्याच्या कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर तो फारसा खेळलेलाच नाही. दुसऱ्या सेटमध्ये ५-४ वर सर्व्हिस त्याच्या हातात होती, तिथे निसटली. तिसऱ्यात २-० आघाडी होती, तीही गेली. जुना नदाल अशा ठिकाणी कोर्टात खिळा ठोकून उभा राहायचा. आज खिळा होता, हातोडी जड झाली होती.

२९ मे, बुधवार

दिवसभर पाऊस. छत असलेली कोर्टं दोनच, शात्रिए आणि यंदा नव्यानं छत आलेलं लेंग्लेन. बाकी सगळीकडे ताडपत्र्या. टीव्हीवर तेच दृश्य पुन्हापुन्हा: दहाबारा पोरं ताडपत्रीची कड धरून धावताहेत, पाणी एका कोपऱ्यात गोळा होतंय आणि छत्रीखाली बसलेला एक म्हातारा शांतपणे पुस्तक वाचतोय.

आपण ‘लाल माती’ म्हणतो, पण ती माती नाहीच मुळी. ती दळलेली वीट. वरचा लाल थर जेमतेम एकदोन मिलिमीटरचा. त्याच्याखाली पांढऱ्या चुनखडीचा थर, त्याखाली कोळशाची जळकी खडी, मग बारीक खडी, तळाशी मोठे दगड. आपण टीव्हीवर जो लाल गालिचा बघतो तो खरं तर पावडर लावल्यासारखा आहे. गंमत म्हणजे या कोर्टाला पाणी लागतंच. कोरडं पडलं की भुकटी उडून जाते आणि पाय सटकतात, म्हणून सामन्यांच्या आधी पाइपनं पाणी मारतात. थोडं पाणी हवंच, जास्त झालं की चिखल. कुठे थांबायचं हे कोर्ट सांभाळणाऱ्या माणसांना तळपायांनी कळतं म्हणे.

हे तळपायाचं प्रकरण मला चांगलं माहीत आहे. कॉलेजात असताना मी तीन वर्षं अशाच कोर्टावर खेळले. पहिल्या महिन्यात सर रोज ओरडायचे, ‘‘अगं, चेंडूपर्यंत पळत जाऊ नकोस, घसरत ये!’’ मी पळत जायची, चेंडू मारायची आणि मग घसरायची. फटका संपल्यावर घसरलं की परत फिरायला दोन पावलं जास्त लागतात. घसरण आधी, फटका त्याच्या शेवटी. एके दिवशी पाऊस पडून गेल्यावर कोर्टाचा एक कोपरा ओला राहिला होता. मी डाव्या पायावर मस्त घसरत गेले, ओल्या पट्ट्यावर बूट एकदम रुतला आणि वरचं शरीर पुढे निघून गेलं. गुडघा आठवडाभर सुजलेला. कोर्ट एकसारखं कोरडं असेल तर चालतं, एकसारखं ओलं असेल तरी चालतं. घात करतो तो एकाच कोर्टावरचा निम्मा-निम्मा कारभार.

तर आज श्वियाँतेक विरुद्ध ओसाका, दुसरी फेरी, छताखाली. परवा नदालचं जे झालं त्याचीच दुसरी आवृत्ती निघते की काय, असं वाटत होतं. श्वियाँतेकचीही मदार फिरकीवर. छताखाली वारा नाही, डोळ्यांवर ऊन नाही, चेंडू उंच उसळत नाही. ओसाकासारख्या सपाट आणि ताकदीनं मारणारीला याहून काय हवं? श्वियाँतेकनं पहिला सेट ६-६ नंतरच्या टायब्रेकवर घेतला, दुसरा ओसाकानं ६-१. तिसऱ्यात ओसाका ५-२ वर. ५-३ ला मॅच पॉइंट, म्हणजे एक गुण मिळाला की सामना तिचा. मी उठून पाणी प्यायला निघाले होते, संपलंच म्हणून. दारातच थांबले.

श्वियाँतेकनं शेवटचे पाच गेम सलग घेतले. ७-५. तीन तासांना थोडंसंच कमी. तिनं काही चमत्कार केला नाही. एक एक चेंडू परतवत राहिली आणि ओसाकाला सामना संपवण्याची घाई झाली. जिंकल्यावर ती प्रेक्षकांना विनंती करत होती की रॅली चालू असताना ओरडू नका. बंद छताखाली आवाज दुप्पट होतो, हेही पावसाचंच देणं.

दिवसभर ताडपत्र्या बघून २०१६ आठवलं. त्या वर्षी तर ३० मेचा अख्खा दिवस वाहून गेला होता. त्याच्या आदल्या दिवशी राडवान्स्का पिरोन्कोवाविरुद्ध ६-२, ३-० अशी पुढे असताना पावसानं सामना थांबला. दोन दिवसांनी परत आली आणि ओळीनं दहा गेम हरली. दहा! छत तेव्हा नव्हतंच. हवामान खराब होतं, चेंडू जड होता, तिनं जाहीर तक्रारही केली. पण चेंडू दोघींनाही तोच होता. माझ्या मते तिला मारलं ते त्या दोन दिवसांनी. आघाडीवर असलेला माणूस हॉटेलच्या खोलीत उरलेला सामना शंभरदा जिंकतो. मागे पडलेल्याला मात्र कोरी पाटी मिळते.

२ जून, रविवार

रात्रभर झोपले नाही. डोळे चुरचुरताहेत, पण लिहूनच झोपणार.

काल पावसानं वेळापत्रकाचा पार खिचडा केला. दिमित्रोव आणि बर्ग्सचा रखडलेला सामना उचलून शात्रिएवर आणला, तोही जोकोविच-मुसेट्टीच्या आधी. रात्रीच्या सत्राचा सामना पॅरिसच्या घड्याळात साडेदहा उलटून गेल्यावर सुरू झाला. इथे भारतात दोन वाजून गेलेले. मी म्हटलं, एक सेट बघू आणि झोपू.

पहिला सेट जोकोविचनं ७-५ घेतला, म्हणजे झोपायला हरकत नव्हती. दुसरा मुसेट्टीनं टायब्रेकवर काढला. तिसरा त्यानंच ६-२. बावीस वर्षांचं पोरगं एका हातानं असले बॅकहँड मारत होतं की जोकोविच नुसता बघत उभा. गेल्या वर्षीचा विजेता घरी चाललाय असं दिसत होतं. मग चौथा सेट ६-३ आणि पाचवा ६-०.

तो शेवटचा सेट मला नीट लिहून ठेवायचा आहे. जोकोविच मोठा खेळला वगैरे ठीक. माझी नजर मुसेट्टीच्या पायांवर होती. दोन तासांपूर्वी तो फटक्याआधी घसरत यायचा. पाचव्या सेटमध्ये तो थांबून मारत होता. दोन पावलं आधीच थांबायचा आणि हात लांब करायचा. ओल्या हवेतला जड चेंडू साडेचार तास मारत राहायचा म्हणजे प्रत्येक फटक्याला स्वतःचीच ताकद घालावी लागते. कोरड्या चेंडूसारखा तो आपली ताकद उधार देत नाही. मुसेट्टीची पुंजी संपली होती. सदतीस वर्षांच्या माणसाकडे तेव्हाही शिल्लक होती, की आहे असं तो दाखवत होता? मला दुसरं जास्त खरं वाटतं.

पहाटे कधीतरी बाबा उठून बाहेर आले.

‘‘काय गं, झोपली नाहीस?’’

‘‘पाचवा सेट चाललाय, बाबा.’’

‘‘तिकडे किती वाजलेत?’’

‘‘तीन.’’

‘‘रात्रीचे? आणि खेळतायत? कशाला?’’

मी उत्तर दिलं नाही. सामना संपला तेव्हा तिथे तीन वाजून सात मिनिटं, इथे सहा सदतीस. या स्पर्धेच्या इतिहासात इतक्या उशिरा कधीच सामना संपला नव्हता. याआधीचा विक्रम २०२० चा, नदाल-सिनर, रात्री एक सव्वीस. तेव्हा करोनामुळे स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरात गेली होती आणि थंडी इतकी की अझारेन्का कोर्टावर बसून राहायला नाही म्हणाली, सरळ आत निघून गेली.

सगळे सकाळपासून जोकोविचच्या जिद्दीचं कौतुक करताहेत. मलाही भारी वाटलं. पण सामना संपल्यावर मालिश, बर्फ, खाणं, पत्रकार; झोपायला उजाडणारच. आणि सोमवारी परत पाच सेटची तयारी.

(दुपारी) श्वियाँतेकनं आज पोटापोव्हाला ६-०, ६-० हरवलं. चाळीस मिनिटं! कुणाची चार-साडेचार तासांची रात्र, कुणाचा चाळीस मिनिटांचा दिवस. पुढच्या आठवड्यात कोणाचे पाय ताजे असतील याला ज्योतिषी नको.

४ जून, मंगळवार

घरात सगळे सकाळपासून निवडणूक निकालांच्या आकड्यांना चिकटलेले. संध्याकाळी मी फोन उघडला तर माझ्यापुरता निकाल वेगळाच: जोकोविचची माघार. उजव्या गुडघ्यातली मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली गादी, फाटली.

काल सेरुंडोलोविरुद्ध पुन्हा पाच सेट, साडेचार तासांच्या वर. दुसऱ्या सेटमध्येच गुडघ्यानं बोलायला सुरुवात केली. पाय सटकताहेत, कोर्ट मधूनमधून झाडून द्या, अशी तो अधिकाऱ्यांकडे तक्रार करत होता. तरी दोन सेटला एक अशा पिछाडीवरून, चौथ्यात स्वतःच्या सर्व्हिसचा गेम गमावलेला असताना जिंकला. ग्रँड स्लॅममधला तीनशे सत्तरावा विजय, फेडररच्या एक पुढे. उपांत्यपूर्व फेरीत रूडशी पडली असती गाठ. ती आता नाही. आणि त्याच्या माघारीमुळे सिनर जागतिक क्रमवारीत पहिला.

डॉक्टर नसल्यानं मी छातीठोक काही सांगणार नाही. त्या रात्रीमुळेच गुडघा गेला असं कोणीच सिद्ध करू शकणार नाही. पण शनिवारी पाऊस, पावसामुळे उशीर, उशिरामुळे अर्धवट झोप आणि एका दिवसाच्या अंतरानं परत साडेचार तास, ही साखळी माझ्या डोक्यातून जात नाही. पाऊस शनिवारी पडला आणि पावती मंगळवारी आली.

आणि जिद्दीचं काय? त्या रात्री तिसऱ्या सेटनंतर तो थोडा ढिला पडला असता तर आज हरलेला पण धडधाकट जोकोविच असता. हे वाक्य लिहिताना जरा अपराधी वाटतं, कारण तो ढिला पडला असता तर मीच पहाटे शिव्या घातल्या असत्या.

७ जून, शुक्रवार

शेवटी ऊन. अल्काराझ-सिनर उपांत्य सामना, चार तासांच्या वर. चेंडू आता हलका, उसळी मोठी, फटके सुसाट. आणि तिसऱ्या सेटमध्ये दोघांच्याही अंगात गोळे! एकाची बोटं आखडली, दुसऱ्याची मांडी. पाऊस असो नाहीतर ऊन, विटांची भुकटी आपला कर घेतेच. फक्त पावसात तो दंडातून वसूल होतो आणि उन्हात पोटऱ्यांतून.

अल्काराझ पाच सेटमध्ये जिंकला. नंतर म्हणाला की या कोर्टावर त्रास सोसण्यातच आनंद शोधावा लागतो. एकवीस वर्षांच्या मुलानं हे हसत हसत सांगितलं. मला सदतिसाव्या वर्षाचं उत्तर ऐकायला जास्त आवडलं असतं, पण परवाच पॅरिसमध्ये त्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली.

९ जून, रविवार

अंतिम सामना सहा वाजता सुरू आणि टीव्ही माझा नाही. सव्वासातला बाबांना नव्या सरकारचा शपथविधी बघायचा, आठपासून भावाला भारत-पाकिस्तान क्रिकेट. मी फोनवर, कोपऱ्यात.

पहिला सेट अल्काराझ, दुसरा झ्वेरेव. तेवढ्यात न्यूयॉर्कला पाऊस आला आणि क्रिकेट लांबलं. भाऊ चडफडत उठला आणि रिमोट माझ्या हातात. पावसानं या पंधरा दिवसांत माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार.

तिसऱ्या सेटमध्ये झ्वेरेव २-५ वरून ७-५! पण त्याचा खिसा कुठवर भरलेला असणार? तो मागच्या आठवड्यात ग्रिकस्पूरशी पाच सेट खेळला, त्यानंतर लगेच रुनेशी पाच सेट, तेही मध्यरात्र उलटून गेल्यावर संपलेले. चौथा सेट त्यानं १-६ सोडला. तोपर्यंत न्यूयॉर्कचा पाऊस थांबला आणि मी परत फोनवर. पाचव्यात त्याचे पाय मला ओळखीचे वाटले. आठवड्यापूर्वी पहाटे मुसेट्टीचे असेच होते, दोन पावलं आधी थांबणारे. २-६.

बाबा मागून फोनमध्ये डोकावत होते. ‘‘तो रात्री तीनपर्यंत खेळणारा कुठाय?’’

‘‘ऑपरेशन झालं त्याचं.’’

‘‘तरी मी तुला विचारत होतो, कशाला खेळतायत म्हणून.’’ एवढं बोलून ते क्रिकेटकडे वळले.