खिडकीच्या आतली बाजू

निवृत्तीच्या कार्यक्रमात साहेबांनी माझ्या ‘समाजसेवेचा’ गौरव केला. शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप. मला अवघडल्यासारखं झालं. पगार घेत होते, महागाई भत्त्याचा फरक पै-पैने मोजून घेत होते; सेवा कसली? पण भाच्याने घरी विचारलं, “मग मावशी, इतकी वर्षं केलंस काय?”

ठाण्यात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसत होते. नोंद राहत्या पत्त्यावर होत नाही, घटना घडली तिथे होते. बाळंतपण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात झालं की शहापूर-मुरबाडची माणसंही दाखल्याला ठाण्यातच. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी जव्हार-मोखाड्याहून लोक येतच राहिले. मजुरी बुडवून, पहाटेची एसटी धरून आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणं आतल्या बाजूने फार सोपं असतं. आत पंखा असतो, चहा येतो. ते न म्हणणं, हीच माझ्या लेखी नोकरी.

दुसरं काम सांगण्याचं. १९६९च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत कळवलं तर नोंद विनाशुल्क. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद होते. नाव पुढे १२ महिन्यांत फुकट चढवता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एवढीशी माहिती, पण बाहेर एजंट तिचेच पैसे घ्यायचा. आता तर १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना शाळेपासून लायसन्सपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. वेलांटी चुकली की आयुष्यभर प्रतिज्ञापत्रं.

मृत्यूच्या दाखल्याला लोक बाराव्याच्या आतच यायचे. पेन्शन, बँक, विमा. दुःखाला सवड कुठे? एक बाई रांग संपेपर्यंत भिंतीशी उभी होती. शेवटी पुढे येऊन हळूच म्हणाली, “ताई, त्यांचा आजार लिहू नका हो. दाखला दिरांच्या हातात जाईल.” दाखल्यावर मृत्यूचं कारण देतच नाहीत, कायद्यातच मनाई आहे, असं सांगितलं. तिने आधी पाणी मागितलं, मग अर्ज.

भाचा म्हणाला, “म्हणजे तू फक्त नियम सांगितलेस.” हो, तेवढंच! पण माणूस बघून सांगावे लागतात. परवा शेजारची सून आली. बाळाचं नाव घरात जमत नाही म्हणून नोंदच थांबवून ठेवली होती. म्हटलं, आधी नोंद कर, आत्याबाईंचं भांडण पुढे वर्षभर चालू दे.