आमची वाटचाल : पट्टा, मुकुट आणि पदवीची ओळ

बिल्ले, फिती आणि सत्काराची मानचिन्हं हे आमच्या पेढीचं मूळ काम. सौंदर्यस्पर्धांचे पट्टे आणि मुकुट त्यातूनच सुरू झाले आणि आज कारखान्याचा बराचसा वेळ त्यांनाच जातो. मुंबईत या कामाला जुनी परंपरा आहे. 1964 साली पहिली फेमिना मिस इंडिया झालेली मेहेर कॅस्टेलिनो मुंबईचीच. रीटा फारिया गोव्याच्या आईवडिलांची मुंबईत वाढलेली मुलगी. ती आधी मिस बॉम्बे झाली, मग मिस इंडिया आणि नोव्हेंबर 1966 मध्ये लंडनला मिस वर्ल्ड. आशियातून हा मुकुट मिळवणारी ती पहिली.

त्याच 1966 मध्ये देशात दोन मिस इंडिया होत्या. ईव्ह्ज वीकली या साप्ताहिकाच्या स्पर्धेची विजेती रीटा फारिया आणि फेमिना या नियतकालिकाच्या स्पर्धेची यास्मिन दाजी. पदव्या दोन्ही खऱ्या, स्पर्धा मात्र वेगळ्या. पट्ट्यावर नुसतं 'मिस इंडिया' असेल तर पुढे फोटो पाहणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही. म्हणून संस्थेचं नाव, पदवी आणि साल या तिन्ही गोष्टी पट्ट्यावर हव्यात असा आमचा आग्रह असतो. विजेतीचं नाव मात्र टाकत नाही, कारण निकाल लागण्याआधीच पट्टा तयार असावा लागतो.

पुढे पदवीची ओळ लांबत गेली. 1992 ची मधू सप्रे, 1993 ची नम्रता शिरोडकर, यांच्या काळात 'मिस इंडिया' पुरत असे. 2000 साली लारा दत्ता 'मिस इंडिया युनिव्हर्स', प्रियांका चोप्रा 'वर्ल्ड' आणि दिया मिर्झा 'एशिया पॅसिफिक' अशा तीन वेगळ्या पदव्या होत्या आणि तिघींनीही त्याच वर्षी आपापला आंतरराष्ट्रीय किताब आणला. 2017 पासून फेमिनाने राज्यवार प्रतिनिधी घ्यायला सुरुवात केली. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्पर्धांसाठी आमच्याकडे येणाऱ्या मागण्यांतही आता शहराचं, जिल्ह्याचं नाव असतंच. विवाहितांच्या स्पर्धा वाढल्या तशा वयोगटांच्या पदव्या आल्या. पनवेलची अदिती गोवित्रीकर 2001 ची मिसेस वर्ल्ड. ती आणि रीटा फारिया, दोघींचंही वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधलं, ही आम्हाला फार आवडणारी नोंद आहे.

मराठी अक्षरांचे पट्टे हे आमचं सगळ्यात जिव्हाळ्याचं काम आणि सगळ्यात अवघडही. महाराष्ट्र टाइम्सच्या श्रावणक्वीनसारख्या स्पर्धेतून पूजा सावंतसारखी अभिनेत्री पुढे येते, गावोगावच्या मंडळांना तशी स्पर्धा घ्यावीशी वाटते, आणि त्यांना पट्टा मराठीतच हवा असतो. साधारण पट्टा 4 इंच रुंद आणि जोडण्याआधी 72 ते 75 इंच लांब. रोमन अक्षर या रुंदीत अडीच इंच उंच बसतं. देवनागरीत वर वेलांटी, रफार आणि खाली उकार यांना जागा सोडावी लागते, म्हणून मूळ अक्षर पावणेदोन इंचांच्या वर नेता येत नाही. ते नेलं की 'सौंदर्य'मधला रफार काठाच्या शिवणीत जातो.

भरतकामात खरी परीक्षा शिरोरेषेची. साटनवर आडवी सलग रेषा भरत गेलं की टाके कापडाला लांबीच्या दिशेने ढकलतात आणि अक्षरांखाली चुण्या पडतात. त्यावर उपाय पंचिंगमध्येच, म्हणजे भरतकामाच्या यंत्रासाठी टाक्यांचा आराखडा बनवतानाच, करावा लागतो: रेषा शब्दागणिक तोडायची, आधी खालचा विरळ टाका घालायचा, वरच्या टाक्यांत 0.4 मिलिमीटरचं अंतर ठेवायचं आणि कापडामागे कडक अस्तर लावायचं. सुई 75 नंबरची, टोकदार. त्याहून जाड घेतली तर भोकं दिसतात. साटनवरचा टाका उसवला तरी भोक बुजत नाही, त्यामुळे एक अनुस्वार चुकला तरी पट्टा नव्यानेच करावा लागतो. म्हणून मजकूर फोनवर घेत नाही. आयोजकाने लिहून पाठवायचा आणि आम्ही छापून दाखवलेल्या नमुन्यावर सही करायची. घाईच्या कामाला फॉइल किंवा चिकटपट्टीची अक्षरं चालतात. ती 150 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेल्या प्रेसखाली दाबून बसवतो. उष्णता वाढली की पॉलिएस्टर साटनवर प्रेसचा चौकोन कायमचा उमटतो.

पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे. त्यामुळे समोरच्याला ओळ डावीकडून उजवीकडे उतरत वाचता येते आणि साडीचा पदर डाव्या खांद्यावर मोकळा राहतो. कमरेचा जोड तिरका शिवलेला असतो, म्हणून पट्टा दुसऱ्या खांद्यावर घातला की अक्षरं उलटी पडतात. अक्षरं खांद्यापासून 8-9 इंच खाली सुरू करतो. त्याहून वर घेतली तर पहिला शब्द मोकळ्या केसांखाली झाकला जातो. पैठणीवर घालताना पिन ब्लाउजच्या खांद्याला, पट्ट्याच्या मागच्या बाजूने लावावी, जरीच्या काठाला नव्हे.

मुकुटाचा सांगाडा पितळी तारेचा, त्यावर मुलामा, आणि खडे दात्यांच्या वाटीत बसवलेले. गोंदाने चिकटवलेले खडे स्वस्त पडतात, पण घाम आणि हेअर स्प्रे लागून मागचा चंदेरी थर काळवंडतो. मुकुट तुटतो तो बहुधा डाखाच्या जागी, म्हणजे मधला उंच भाग डोक्यावर बसणाऱ्या पट्टीला मिळतो तिथे. त्याचं कारण म्हणजे सगळेजण तो वरच्या टोकाने उचलतात. उचलायचा नेहमी दोन्ही बाजूंच्या पट्टीने.

डोक्यावर मुकुट न टिकण्याचं कारण मात्र वजन क्वचितच असतं. नुकते धुतलेले गुळगुळीत केस मुकुटाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या छोट्या कंगव्यांचे दात धरत नाहीत. अंतिम फेरीतल्या प्रत्येकीच्या केसांत कपाळामागे दोन-तीन इंचांवर बॅक कोंबिंग करून (म्हणजे केस मुळांकडे उलटे विंचरून) दोन्ही बाजूंना काळ्या पिनांची फुली घालून ठेवावी. मागच्या वर्षीच्या विजेतीच्या हाती जेमतेम काही सेकंद असतात. तिने कंगवे त्या फुलीत सरकवले की मुकुट बसला. खोप्यावर गजरा असेल तर तो मुकुटाच्या पट्टीपासून दोन बोटं मागे माळावा, कारण ओल्या कळ्यांवर धातू घसरतो.

प्रत्येक मागणीबरोबर आम्ही जादा कंगव्यांची एक जोडी, काळ्या पिनांचं पाकीट आणि पट्ट्याच्या रंगाचा दोरा घातलेली सुई पाठवतो. मुकुट फिरता, म्हणजे दरवर्षी पुढच्या विजेतीकडे जाणारा असेल, तर आतल्या पट्टीवर सालं कोरण्यासाठी जागा सोडतो. पट्टा मात्र ज्या त्या विजेतीचा. तो घडी न घालता मलमलीत गुंडाळून ठेवावा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्यात जरीचा धागा काळा पडतो.