सुटंना झालाय

पाऊस उघडला की दसऱ्याच्या आधी एखाद्या दुपारी आमच्या जुन्या जावा मोटारसायकलवरची ताडपत्री काढायची, हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. जून ते सप्टेंबर तिला बाहेर काढत नाही. बेळगावचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला कारण सांगायला नको. जिथं पावसाळाभर टॉवेल वाळत नाही, तिथं साठीच्या घरातल्या गाडीनं काय म्हणून भिजायचं? परवा जेवणं झाली, घरात सामसूम झाली, तसा मी परसात जाऊन ताडपत्री ओढली. प्लग पुसला, टाकीत पेट्रोलबरोबर मापानं ऑइल घातलं, कार्ब्युरेटरचं टिकलर, म्हणजे त्यात जादा पेट्रोल सोडायचं बटण, पेट्रोल ओघळेपर्यंत दाबलं आणि किक मारली. निळा धूर थेट शेजाऱ्यांच्या वाळवणावर. इथवर सगळं रीतसर. मग क्लच दाबून पहिला गिअर टाकला, आणि गाडी तुळशीकडं निघाली. क्लचची लिव्हर हातात पूर्ण दाबलेली होती, म्हणजे इंजिन चाकापासून सुटायला हवं होतं. ब्रेक लावला तेव्हा कुठं इंजिन एक आचका देऊन बंद पडलं.

“काय झालं ओ?” कुंपणापलीकडून आवाज आला.

“क्लच सुटंना झालाय.”

एवढं पुरतं. आमच्या गल्लीत माणूस आजारी पडला तर लोक विचारपूस करून जातात, गाडी आजारी पडली तर बसायला येतात. कुंपणापलीकडचे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. वाहन कुठलंही असो, धक्का हा त्यांचा पहिला इलाज. समोरचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा मोबाइल उघडूनच आला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं मराठीत एक आणि कन्नडमध्ये भलताच दुसरा सल्ला दिला. “इकून टाका की आता,” असं म्हणणारे एक असतातच, तेही होते. आणि या सगळ्यांचा हात बोलता बोलता हँडलवरच्या केबलच्या ॲडजस्टरकडं जात होता.

याबाबतीत मी हट्टी आहे. क्लचचं काहीही बिनसलं की जो तो आधी ॲडजस्टर फिरवून केबल ताणतो. ताणली की सुटेल, असा सरळ हिशेब. मला ते बघवत नाही. लिव्हरला टोकाशी थोडी ढील हवीच, बोटानं हलवल्यावर जाणवेल इतकी. ती सगळी काढून घेतली की आतला रॉड कायमचा दाबलेला राहतो, इंजिनाचा जोर चाकाकडं नेणाऱ्या क्लचच्या प्लेटा अर्धवट धरतात, घसरायला लागतात, आणि पहिल्याच चढावर जळका वास येतो. म्हणजे न सुटणारा क्लच होता, त्याचा न पकडणारा करून ठेवायचा. ढील म्हणजे बिघाडच, असं समजणाऱ्या माणसांशी माझं एकूणच जमत नाही. आमचे एक व्याही तसे आहेत, पण ते जाऊ दे.

बाहेरून आत जावं, ही रीत. आधी लिव्हर बघायची, तिची पिन झिजली नाही ना. मग केबल. आतली तार विरली नाही ना, हँडल वळवताना आवरण कुठं मुडपत नाही ना. इथवर काही सापडलं नाही. मग जावाची खुबी कामाला येते. या गाडीत गिअरची दांडी पायानं दाबली की क्लच आपोआप सुटतो, हात न लावता गिअर बदलता येतो. हात आणि पाय, दोघांचा जोर आत शेवटी एकाच कामाला लागतो. त्यामुळं निदान सोपं. इंजिन बंद ठेवून गाडी दुसऱ्यात टाकायची, लिव्हर दाबून ढकलायची. मग लिव्हर सोडून दांडी पायानं दाबून धरायची आणि परत ढकलायची. पायानं सुटली आणि हातानं नाही, तर दोष केबलचा. दोन्हीनं नाही, तर दोष पोटात.

दोन्हीनं नाही सुटली. न्यूट्रलला आणून, लिव्हर दाबून किक मारून बघितली. जावाची किक क्लचमधून इंजिन फिरवते, त्यामुळं क्लच सुटला असेल तर ती पोकळ जायला हवी. ती इंजिन घेऊनच खाली आली. प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या. सगळा पावसाळा स्प्रिंगांनी त्यांना आवळून धरलेलं, मधलं तेल निथळून उरलेलं ते चिकट झालेलं. दुसरं काय होणार?

ती दांडी म्हणजे वडिलांचा अभिमान. खाली असली की गिअरची, आत दाबून वर फिरवली की किकची. पाहुण्यांना चहाच्या आधी ती फिरवून दाखवायचा कार्यक्रम होई. गाडी मुळात चेकोस्लोव्हाकियाची, पण आमची बनलेली म्हैसूरच्या कारखान्यात, आयडियल जावाच्या. आणि वडील पक्के समितीवाले, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या एकीकरण समितीचे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून म्हैसूर हे नाव आमच्या घरात जरा आवाज चढवूनच घेतलं जाई. चंदनाचा साबण त्या नावाचा म्हणून येत नसे. म्हैसूरपाकाला वडील नाकं मुरडत, खाऊन झाल्यावर. गाडी मात्र तिथली, नंबरप्लेटवर म्हैसूरचं एमवाय. कुणी खोचकपणे विचारलंच तर उत्तर तयार असे, “डिझाइन चेक आहे.” १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची सायकल फेरी निघते, त्या दिवशी ते कुणाची तरी सायकल मागून आणत. फेरीच सायकलींची, तेव्हा त्यात वेगळं काही नव्हतं. पण आम्हा भावंडांची खात्री होती की त्या दिवशी गाडीला घरी बसायची शिक्षा आहे. पुढं त्याच कारखान्यानं येझडी काढली, आणि १९९६ साली कारखानाच बंद पडला. वडील तेव्हा निवृत्त होते. “आता स्पेअर कुठनं आणायचे?” एवढंच म्हणाले. म्हैसूरबद्दल हळहळ म्हणून त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव वाक्य.

स्पेअर मिळत होते तेव्हाही आमचे क्लच प्लेटचे पैसे क्वचितच खर्च झाले, कारण शहापूरचे मिस्त्री. त्यांच्या गॅरेजच्या दोन्ही अंगांना साड्यांचे माग होते. दिवसभर खडखडाट. त्या खडखडाटातून ते मान तिरकी करून आमच्या इंजिनाचा आवाज वेगळा काढायचे. वडिलांशी मराठीत बोलत, पोऱ्याशी कन्नडमध्ये आणि गाडीशी दखनीत. “क्या हुआ गे तेरेकू?” असं विचारून मगच पान्याला हात.

जावाच्या त्या प्लेटांना बुचं असत. लोखंडी चकतीला ओळीनं भोकं आणि भोकाभोकात बुचाचा तुकडा. झिजलेली बुचं मिस्त्री मागून ठोकून पाडत. नवी गरम पाण्यात टाकत आणि मऊ झाली की अंगठ्यानं एकेक दाबून बसवत. तो अंगठा मला अजून दिसतो. नख निम्मंच, कडेला ऑइलची कायमची काळी रेघ. बूच भोकात शिरताना बारीक कुईं असा आवाज होई. सगळी बसली की काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर अंथरून प्लेट त्यावर गोल गोल घासायची, बुचं एका पातळीत येईतोवर. हे काम माझं. मी उपड्या डब्यावर बसून घासत असे. मध्येच मिस्त्री प्लेट घेऊन डोळ्यांसमोर आडवी धरत, उजेडाकडं बघत, आणि काही न बोलता परत देत. परत घासायची. एक बूच जरी उंच राहिलं तरी तेवढंच पकडतं, बाकीची नुसती बसून खातात, असं त्यांचं म्हणणं. मधल्या साध्या प्लेटा ते त्याच काचेवर ठेवून खालून कागद सरकवून बघत. कागद शिरला की प्लेट वाकडी, आणि वाकडी प्लेट लिव्हर कितीही दाबली तरी कुठंतरी टेकूनच राहते. मग प्लेटा ज्यात बसतात त्या ड्रमच्या खाचा. प्लेटांचे कडेचे कान वर्षानुवर्षं एकाच जागी आदळून तिथं खड्डे पाडतात आणि लिव्हर दाबली की त्यातच अडकून बसतात. तिथं कानस चालवायचा मान मात्र मला कधी मिळाला नाही.

नवी बुचं रात्रभर तेलात ठेवावी लागतात. कोरडी बसवली तर जळतात. एकदा रात्री मिस्त्रींचं दुकान बंद होत आलेलं, म्हणून वडिलांनी प्लेटा घरी आणल्या आणि स्वयंपाकघरातल्या खोलगट ताटात भिजत घातल्या. पहाटे आई उठली, तिनं झाकण काढून बघितलं आणि परत ठेवलं. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, “हे ताट आता तुमचं.” अजूनही ते गाडीच्या सामानातच आहे.

न सुटणारा क्लच घेऊन बेळगावात हिंडणं म्हणजे काय, ते टिळकवाडीकडच्या माणसाला विचारावं. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. आता काही ठिकाणी पूल झाले, पण त्या काळी मालगाडी यायची असली की सगळं गाव गेटाशी. बाकीचे क्लच दाबून निवांत उभे. वडील इंजिन बंद करत, गाडी मागंपुढं हलवून न्यूट्रल शोधत, गेट उघडलं की किक मारत आणि मला मागून ढकलायला लावत. गाडी चालती झाली की गिअरमध्ये घालायची आणि मी पळत येऊन मागं बसायचं. मागच्या टेम्पोवाल्याची बोलणी मी खायची, कारण वडील पुढं गेलेले असत. केबल तुटली असती तर इतकी आबाळ नव्हती. केबल तुटलेली जावा पायाच्या क्लचवर घरी येते. दांडी दाबून गिअर घालायचा आणि पाय सावकाश सोडायचा. वडील एकदा खानापुराहून तसे आले होते. पुढं कितीतरी लग्नकार्यांत ती हकीकत पंगतीला वाढली गेली. पण प्लेटाच चिकटल्यावर हात काय आणि पाय काय.

परवाचं सांगायचं तर, कव्हर उघडायची मला घाई नव्हती. चिकटलेल्या प्लेटांना आधी सवलत द्यावी. लिव्हर पूर्ण दाबून जुन्या पायजम्याच्या नाडीनं मुठीला बांधली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी गाडी न्यूट्रलला बराच वेळ चालू ठेवली. तेल गरम होऊन पातळ झालं की निम्मं काम होतं. मग इंजिन बंद, गाडी दुसऱ्यात, लिव्हर दाबून पुढं-मागं, पुढं-मागं. फौजी काका बनियनवरच आले आणि मागून त्यांनी असा धक्का दिला की मी आणि गाडी दोघंही अंगणाच्या टोकाला. आतून टक्क असा आवाज झाला आणि चाक मोकळं फिरलं. तेलानं सुटला, नाडीनं सुटला की धक्क्यानं, यावर गल्लीत दोन तट आहेत. काकांच्या तटात काका एकटे आहेत, पण आवाज त्यांचाच मोठा.

तेल बदलायचं होतंच. जुनं काढलं तर काळं, आणि बोटांवर घेऊन बघितलं तर त्यात किंचित दुधाळ झाक. म्हणजे ताडपत्रीखालीही पावसानं आपलं काम केलेलं. नवं तेल आणायला उद्यमबागेकडं गेलो. एका गॅरेजमधल्या पोराला प्लेटांचं सांगितलं तर म्हणाला, “सर, पूर्ण सेटच बदलून टाका. बुचं-बिचं आता कोण बसवतंय?” चांगला पोरगा आहे, हाताला स्वच्छ आहे, आणि बोलला ते खोटं नाही. समोर लेथवाले, फाउंड्रीवाले रांगेनं. लोखंडाचा म्हणाल तो भाग इथं घडवून मिळतो. पण अंगठ्यानं बूच दाबून बसवणारा माणूस विचारला की सगळे शहापूरकडं बोट दाखवतात, आणि शहापुरात त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. शेजारचे मागही बंद झालेत.

परतताना गाडी दुसऱ्या गेटाशी थांबवली. क्लच दाबून उभा राहिलो, गाडी जागची हलली नाही. फक्त न्यूट्रल काही केल्या सापडेना. पहिल्यातून थेट दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. इंजिन बंद केलं तसं पहिल्याच दाबाला सापडलं. जावावाल्यांना याचा अर्थ सांगायला नको, क्लच अजून पुरता सुटत नाही. कव्हर उघडावंच लागणार आहे, पण आधी दिवाळी होऊ दे.